हायब्रिड गाडीची १२ व्होल्टची बॅटरी : निवड, चार्जिंग आणि वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हायब्रिड गाडी एका जागी उभी राहून बंद पडली की घरातल्यांना पहिली धास्ती वाटते ती मोठ्या, महागड्या बॅटरीची. प्रत्यक्षात पुष्कळदा दोष असतो १२ व्होल्टच्या छोट्या बॅटरीचा. तिच्याबद्दल सतत येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरे मुख्यतः स्ट्राँग हायब्रिड (मोठ्या बॅटरीवरच्या मोटरनेही चालणाऱ्या) गाड्यांसाठी आहेत, म्हणजे टोयोटा हायक्रॉस, हायरायडर, कॅमरी, प्रियस, मारुती ग्रँड विटाराचे हायब्रिड मॉडेल, इनव्हिक्टो, होंडा सिटीचे हायब्रिड मॉडेल वगैरे. सुझुकीच्या स्मार्ट हायब्रिडसाठी प्रश्न २१ पाहा.

१. गाडीत एवढी मोठी बॅटरी असताना ही दुसरी छोटी बॅटरी कशासाठी?

गाडी बंद केली की मोठी बॅटरी बाकीच्या गाडीपासून पूर्ण तोडली जाते. तिचा दाब पावणेदोनशे ते दोनशे व्होल्टच्या घरात किंवा त्याहून जास्त असतो. अपघात झाला किंवा कोणी दुरुस्तीसाठी हात घातला तर धोका नको, म्हणून मध्ये जाडजूड रिले (विजेवर चालणारे स्विच) बसवलेले असतात. हे रिले जोडले जातात १२ व्होल्टवर. कॉम्प्युटर, दरवाज्यांची कुलुपे, ब्रेकचे नियंत्रण, एअरबॅग, दिवे, वायपर हे सगळेही १२ व्होल्टवरच चालते. त्यामुळे छोटी बॅटरी मेली की मोठी बॅटरी पूर्ण भरलेली असूनही गाडी जागी होत नाही.

२. मग इंजिन सुरू करायला हीच बॅटरी लागते का?

स्ट्राँग हायब्रिडमध्ये नाही. इंजिन फिरवणारी मोटर मोठ्या बॅटरीवर चालते. छोट्या बॅटरीने कॉम्प्युटर जागे करायचे आणि रिले जोडायचे, एवढेच तिचे काम. त्याला साध्या गाडीच्या स्टार्टरसारखे शेकडो अँपिअर लागत नाहीत. बॅटरी निवडताना आणि तपासताना या एका फरकामुळे बरेच काही बदलते (प्रश्न ५ आणि ९).

३. ही बॅटरी चार्ज कधी होते? गाडी नुसती ‘ऑन’ ठेवली तर होते का?

नाही, उलट उतरते. हायब्रिडमध्ये पट्ट्यावर फिरणारा अल्टरनेटर नसतो. मोठ्या बॅटरीतली वीज १४ व्होल्टच्या आसपास उतरवून छोटीला देण्याचे काम डीसी-डीसी कन्व्हर्टर करतो, आणि तो चालतो फक्त डॅशबोर्डवर ‘रेडी’ दिसत असताना. ब्रेक न दाबता बटण दाबले तर गाडी ‘अॅक्सेसरी’ किंवा ‘ऑन’ला जाते. त्या स्थितीत गाणी, पडदा, पंखा सगळे छोट्या बॅटरीवर चालते. पार्किंगमध्ये बसून अर्धा तास गाणी ऐकायची असतील तर ब्रेक दाबून ‘रेडी’ करा आणि गिअर ‘पी’मध्येच ठेवा. ‘एन’मध्ये इंजिन मोठ्या बॅटरीला चार्ज करत नाही, त्यामुळे तिथे फार वेळ ठेवू नये.

४. माझ्या गाडीत ती नेमकी कुठे आहे?

मॉडेलनुसार जागा बदलते. दुसऱ्या आणि तिसऱ्या पिढीच्या प्रियसमध्ये ती डिकीत उजव्या कोपऱ्यात असते, चौथ्या पिढीत बॉनेटखाली आली. कॅमरी हायब्रिडमध्ये डिकीत असते. काही छोट्या हायब्रिडमध्ये मागच्या सीटखाली असते. तुमच्या गाडीच्या पुस्तिकेत जागेचे चित्र असते, ते आजच पाहून ठेवा. जागा कळली की बॅटरी कोणत्या प्रकारची हवी याचे अर्धे उत्तर मिळते (प्रश्न ७).

५. बॅटरी जायला आली हे आधी कसे कळते? साध्या गाडीत सेल्फ जड जातो, तसे काही?

तसे काही होत नाही, आणि म्हणूनच ही बॅटरी गाफील पकडते. साध्या गाडीत स्टार्टर ‘घर्र… घर्र…’ करत महिनाभर आधी इशारा देतो. हायब्रिडमध्ये स्टार्टरच नसल्याने काल संध्याकाळी ठणठणीत असलेली गाडी आज सकाळी उघडतच नाही.

काही खुणा मात्र असतात. बटण दाबल्यावर ‘रेडी’ यायला नेहमीपेक्षा वेळ लागतो, किंवा पहिल्यांदा येत नाही आणि दुसऱ्यांदा येते. घड्याळ किंवा ट्रिपमीटर आपोआप शून्यावर जातो. मधला पडदा मध्येच पुन्हा सुरू होतो. ब्रेक, एअरबॅग, हायब्रिड सिस्टिम अशा एकमेकांशी संबंध नसलेल्या चेतावण्या एकाच वेळी लागतात आणि थोड्या वेळाने जातात. रिले टकटक आवाज करतात. चेतावण्यांची अशी माळ लागली की महागड्या तपासणीआधी मल्टिमीटर लावा. दाब कमी पडला की प्रत्येक कॉम्प्युटर आपापली तक्रार नोंदवतो, मूळ कारण मात्र एकच असते.

आपल्याकडच्या उन्हाळ्यात बॅटरी साधारण ३ ते ५ वर्षे टिकते. तिसऱ्या वर्षानंतर दरवर्षी तपासून घ्यावी, पावसाळ्याआधी घेतली तर उत्तम.

६. घरी मल्टिमीटरने तपासताना किती व्होल्ट दिसले पाहिजेत?

आकड्यांपेक्षा मोजायची पद्धत आधी सांभाळा, कारण चुका तिथेच होतात. गाडी चालवून आल्या-आल्या मोजले तर आकडा खोटा चांगला येतो. दार उघडले की कॉम्प्युटर जागे होतात आणि आकडा खोटा वाईट येतो. गाडी रात्रभर उभी ठेवा. सकाळी बॉनेट किंवा डिकी उघडा, किल्ली गाडीपासून लांब ठेवा, १५ मिनिटे थांबा आणि मग मोजा. बॅटरी डिकीत असेल तर डिकी उघडी असल्याने दिवा आणि कॉम्प्युटर जागेच राहतात. अशा वेळी डिकीच्या लॉकची कडी स्क्रूड्रायव्हरने दाबून ‘बंद’ स्थितीत आणा. काम झाल्यावर डिकीचे बटण दाबून ती कडी मोकळी करायला मात्र विसरू नका, नाहीतर झाकण आपटून लॉक वाकेल.

एजीएम (ॲसिड चटईत शोषलेली सीलबंद, प्रश्न ७) बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर १२.८ ते १२.९ व्होल्ट दिसतात. साध्या पाण्याच्या बॅटरीत १२.६ ते १२.७. आकडा १२.४च्या खाली असेल तर चार्ज करा. १२.२च्या आसपास म्हणजे निम्मी रिकामी. १२.०च्या खाली बॅटरी जवळपास उतरलेली असते, आणि ११.८ किंवा त्याहून कमी दिसले तर रोजच्या रोज तिचे नुकसान होत आहे.

यानंतर दोन चाचण्या करा. गाडी ‘रेडी’ न करता ‘ऑन’ला ठेवून हेडलाइट लावा आणि मिनिटभर आकडा पाहा. भरलेली चांगली बॅटरी १२च्या वर टिकते. ११.५च्या खाली घसरली तर तिचे आयुष्य संपत आले आहे. मग ‘रेडी’ करा. आता टर्मिनलवर साधारण १३.८ ते १४.४ दिसले पाहिजे. ‘रेडी’ असूनही १२.५च दिसत असेल तर बॅटरी बदलून उपयोग नाही, दोष कन्व्हर्टर किंवा फ्यूजमध्ये आहे आणि गाडी सर्व्हिस सेंटरलाच न्यावी लागेल.

७. साधी, ईएफबी की एजीएम? दुकानदार म्हणतो, कोणतीही चालते.

कोणतीही चालत नाही. गाडीत कारखान्यातून एजीएम आली असेल तर पुन्हा एजीएमच घ्या.

पहिले कारण जागेचे. डिकीत किंवा सीटखाली असलेली बॅटरी तुम्ही श्वास घेता त्याच हवेत असते. चार्ज होताना साध्या बॅटरीतून हायड्रोजन आणि ॲसिडचा सूक्ष्म फवारा बाहेर पडतो. हायड्रोजन साठला तर एका ठिणगीने पेटू शकतो, आणि ॲसिड आजूबाजूचा पत्रा व वायरिंग खाते. एजीएममध्ये ॲसिड काचेच्या तंतूंच्या चटईत शोषलेले असते आणि तयार होणाऱ्या वायूचे बहुतांशी आतल्या आतच परत पाणी होते. वायूचा दाब जादा झालाच तर तो वायू बाजूच्या छिद्रातून बारीक नळीने गाडीबाहेर जातो. म्हणून नवी बॅटरी घेताना त्या छिद्राची जागा आणि नळीची कोपरी जुळते का हे पाहा. नळी लोंबकळत सोडलेल्या गाड्या बऱ्याच दिसतात. दहा सेकंदांचे काम असते आणि ते टाळण्यासारखे नाही.

दुसरे कारण वापराचे. या बॅटरीला एकदम मोठा झटका द्यावा लागत नाही, पण गाडी उभी असताना ती हळूहळू उतरत राहते. अशा उतरण्या-भरण्याला एजीएम साध्या बॅटरीपेक्षा खूप चांगली टिकते.

बॅटरी बॉनेटखाली असेल आणि कारखान्यातूनच साधी किंवा ईएफबी आली असेल तर तोच प्रकार घ्या. ईएफबी म्हणजे पाण्याचीच, पण मजबूत प्लेटांची बॅटरी. साधीच्या जागी ईएफबी बसवायला हरकत नाही. ईएफबी किंवा एजीएमच्या जागी साधी मात्र बसवू नये.

८. बॅटरीवरचा कोड कसा वाचायचा? ‘एल’ आणि ‘आर’मध्ये नेहमी गोंधळ होतो.

जपानी गाड्यांत जपानी पद्धतीचा कोड असतो. तिसऱ्या पिढीच्या प्रियसची बॅटरी घ्या : एस४६बी२४आर. यातला पहिला ‘एस’ म्हणजे सीलबंद एजीएम प्रकार. ४६ हा क्षमतेचा दर्जा आहे, अँपिअर-अवर नव्हे. ‘बी’ म्हणजे रुंदी-उंचीचा गट, सुमारे १२९ मिमी रुंद आणि २०३ मिमी उंच. २४ म्हणजे लांबी सुमारे २४ सेंमी. शेवटचे अक्षर टर्मिनलची बाजू सांगते.

घोळ होतो तो याच शेवटच्या अक्षरापाशी. ‘एल’ किंवा ‘आर’ ठरवताना बॅटरीच्या लांब बाजूसमोर नव्हे, तर प्लस टर्मिनलजवळच्या आखूड बाजूसमोर उभे राहायचे असते. प्लस डाव्या हाताला असेल तर ‘एल’, उजव्या हाताला असेल तर ‘आर’. टर्मिनलची कड आपल्याकडे करून लांब बाजूने पाहिले तर नेमके उलटे दिसते : ‘एल’ बॅटरीचा प्लस उजवीकडे येतो. उलट बाजूची बॅटरी घेतली तर केबल पोचत नाही, आणि ताणून बसवली तर पत्र्याला टेकायची भीती. सर्वांत सोपा उपाय म्हणजे जुन्या बॅटरीचा फोटो घेऊन दुकानात जाणे.

आणखी एक ‘एस’ शेवटी येतो, उदाहरणार्थ ४६बी२४एलएस. त्याचा एजीएमशी काही संबंध नाही, तो जाड टर्मिनल दाखवतो. ‘बी’ गटात दोन जाडीची टर्मिनल मिळतात. बारीक प्लस सुमारे १४.७ मिमीचा, जाड सुमारे १९.५ मिमीचा. बारीक टर्मिनलसाठी असलेला क्लॅम्प जाड टर्मिनलवर ठोकून बसवला की फाटतो. उलट झाले तर सैल राहून ठिणग्या पडतात.

युरोपीय मापाच्या बॅटरीवर एलएन१, एलएन२ असे लिहिलेले असते. एलएन१ सुमारे २०७ मिमी लांब आणि एलएन२ सुमारे २४२ मिमी. दोन्हींची रुंदी १७५ आणि उंची १९० मिमी.

९. जास्त सीसीए किंवा जास्त एएच घेतले तर फायदा होतो का?

थंडीत इंजिन फिरवण्याची ताकद सीसीए सांगतो. स्ट्राँग हायब्रिडमध्ये छोटी बॅटरी इंजिन फिरवतच नाही, त्यामुळे त्या आकड्यासाठी जादा पैसे मोजू नका. एएच (अँपिअर-अवर) म्हणजे साठा. त्याच खोक्याच्या मापात ५-१० एएच जास्त मिळत असतील तर अवश्य घ्या, गाडी तेवढे दिवस जास्त उभी राहू शकेल. पण ट्रेमध्ये मावत नाही अशी मोठी बॅटरी पट्ट्याने बांधून बसवू नका. डिकीत सैल राहिलेली दहा-पंधरा किलोची बॅटरी अपघातात कोणाच्या तरी अंगावर येते.

१०. दुकानात घेताना काय पाहावे?

उत्पादनाची तारीख. दुकानात ६ महिन्यांहून जास्त पडून असलेली बॅटरी टाळा, कारण पडून राहिलेल्या बॅटरीच्या प्लेटांवर सल्फेट धरते. दुकानातच मल्टिमीटर लावायला सांगा. नवी एजीएम १२.६च्या खाली असेल तर दुसरी मागा. वॉरंटी कार्डावर गाडीचा नंबर आणि तारीख लिहून घ्या, आणि ‘मोफत बदल’ किती महिने व ‘प्रमाणात सूट’ किती महिने हे वेगवेगळे विचारा. जुनी बॅटरी दुकानातच परत द्या. शिशाचे पैसे वजा होतात, आणि २०२२च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणेही ती अधिकृत साखळीतच जायला हवी.

११. घरी चार्ज करायला कोणता चार्जर घ्यावा?

१२ व्होल्टचा, ‘एजीएम’ मोड असलेला स्मार्ट चार्जर. चार्जिंगचा वरचा दाब १४.४ ते १४.७ व्होल्ट, आणि भरल्यावर १३.५ ते १३.८ व्होल्टवर उतरून सांभाळणारा हवा. करंट बॅटरीच्या एएचच्या दहाव्या भागाच्या आसपास असावा, म्हणजे ४५ एएचला ४ ते ५ अँपिअर. हायब्रिडच्या बॅटऱ्या छोट्या असतात, १० किंवा १५ अँपिअरचा चार्जर त्यांना फार होतो.

दोन गोष्टी कटाक्षाने टाळा. चार्जरवरचा ‘रिपेअर’ किंवा ‘रिकंडिशन’ मोड १५.५ व्होल्टच्या वर जातो, तो एजीएमवर लावू नका, आणि बॅटरी गाडीला जोडलेली असताना तर मुळीच नाही. दुसरी गोष्ट म्हणजे गॅरेजमधला जुना ट्रान्सफॉर्मरचा चार्जर. त्याला दाबाची मर्यादाच नसते. एजीएममधले पाणी एकदा उडून गेले की वरून भरता येत नाही. बॅटरीच्या दुकानांतही बऱ्याचदा अनेक बॅटऱ्या एका ओळीत जोडून रात्रभर चार्जिंगला लावतात. तुमची एजीएम त्या ओळीत जाऊ देऊ नका.

१२. चार्जर जोडायचा क्रम काय?

गाडी पूर्ण बंद करा आणि किल्ली घरात ठेवा. बॅटरी डिकीत असेल तर डिकी उघडीच ठेवा, हवा खेळती राहिली पाहिजे. चार्जरचा मेन स्विच बंद असताना आधी लाल चिमटा प्लसवर लावा. मग काळा चिमटा बॅटरीच्या मायनसवर न लावता, मायनसची केबल गाडीच्या पत्र्याला जिथे बोल्टने जोडली आहे तिथे लावा. अनेक गाड्यांत मायनस टर्मिनलवर बॅटरीचा सेन्सर असतो. काळा चिमटा थेट टर्मिनलवर लावला तर आत गेलेले चार्जिंग त्या सेन्सरला दिसत नाही आणि त्याचा हिशेब चुकतो. मग एजीएम मोड निवडा आणि मेन चालू करा. काढताना मेन बंद, मग काळा, शेवटी लाल.

चार्जर जोडलेला असताना गाडी ‘रेडी’ करू नका. वरच्या मर्यादेतला स्मार्ट चार्जर असेल तर बॅटरी गाडीपासून सोडवायची गरज सहसा नसते. पुस्तिकेत सोडवायला सांगितले असेल तर तेच पाळा.

बॉनेटखालच्या फ्यूज बॉक्समध्ये जंप टर्मिनल (बाहेरून १२ व्होल्ट देण्यासाठी ठेवलेला प्लस) असेल तर तिथूनही चार्ज करता येते. तो लाल झाकणाखाली असतो. वायर लांब असल्याने थोडा वेळ जास्त लागतो एवढेच.

१३. पूर्ण चार्ज व्हायला किती तास?

समजा ४५ एएचची बॅटरी १२.२ व्होल्टवर आली आहे. म्हणजे सुमारे २२ एएच भरायचे आहेत, आणि वाया जाणारे धरून २६. चार अँपिअरने साडेसहा तास होतात, पण शेवटच्या टप्प्यात बॅटरी करंट घेणे कमी करत जाते. म्हणून ८ ते १० तास धरा. रात्री लावा, सकाळी काढा. दोन तासांत चार्जरने ‘फुल’ दाखवले आणि काही तासांत आकडा पुन्हा १२.३वर आला, तर बॅटरीत साठवण्याची ताकद राहिलेली नाही.

१४. चार्जर नाही. गाडी ‘रेडी’ ठेवून चार्ज केली तर चालेल?

चालेल, पण १० मिनिटांनी काही होत नाही. २०२०च्या लॉकडाऊनमध्ये गाड्या महिनोन्‌महिने उभ्या राहिल्या तेव्हा बऱ्याच जणांनी रोज ५ मिनिटे गाडी सुरू केली, आणि तरीही बॅटरी उतरलीच. दर वेळी दरवाजा उघडणे, कॉम्प्युटर जागे करणे यात जे खर्च होते तेही पाच मिनिटांत नीट भरून निघत नाही. आठवड्यातून एकदा सलग तासभर ‘रेडी’ ठेवा. गिअर ‘पी’मध्ये, हँडब्रेक लावलेला, हेडलाइट आणि मागच्या काचेचा हीटर बंद. खोल उतरलेली बॅटरी तासाभरात गाडी चालवण्याइतकी होते. पूर्ण भरायला पुढे बरेच तास लागतात, म्हणून ती एकदा चार्जरवर घेतलेली बरी.

अत्यंत महत्त्वाचे : ‘रेडी’मध्ये इंजिन आपोआप सुरू होते. बंद गॅरेजमध्ये किंवा हवा न खेळणाऱ्या तळघरातल्या पार्किंगमध्ये हे कधीही करू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. आणि ‘रेडी’ गाडीपाशी कोणीतरी थांबले पाहिजे.

१५. सहा महिने मुलाकडे अमेरिकेला जाणार आहोत. गाडी कशी ठेवावी?

पार्किंगमध्ये प्लग असेल तर १ अँपिअरच्या आसपासचा, सांभाळून चार्ज करणारा चार्जर लावून जा. प्लग नसेल तर जाण्याआधी बॅटरी पूर्ण भरा आणि मायनस सोडवून ठेवा. सुटी एजीएम फार हळू उतरते, मात्र उष्णता वाढली की ती गती झपाट्याने वाढते. म्हणून उन्हात तापणाऱ्या जागी गाडी ठेवू नका. मायनस सोडवला की अलार्म आणि रिमोटचे कुलूप बंद पडते, दार हाताच्या किल्लीने लावावे लागते. बॅटरी डिकीत असेल तर प्रश्न १७ वाचल्याशिवाय डिकी बंद करू नका.

एवढ्याने मोठ्या बॅटरीचे भागत नाही. १२ व्होल्टचा चार्जर मोठ्या बॅटरीला काही देत नाही. तिच्यासाठी दोन-तीन महिन्यांतून एकदा कोणाकडून तरी गाडी अर्धा तास किंवा १६ किलोमीटर चालवून घ्या. किल्ली विश्वासू शेजाऱ्याकडे ठेवा आणि टाकीत पेट्रोल असू द्या.

१६. बॅटरी पूर्ण उतरली. जंप स्टार्ट कसे करायचे? धक्का मारून चालेल?

धक्क्याचा काही उपयोग नाही. दुसऱ्या गाडीची १२ व्होल्टची बॅटरी किंवा जंप पॉवर बँक लागेल. प्रश्न २ मध्ये सांगितल्याप्रमाणे इथे कमी करंट पुरतो, त्यामुळे छोटी पॉवर बँकही बहुधा काम करते.

लाल चिमटा तुमच्या बॅटरीच्या प्लसवर किंवा जंप टर्मिनलवर. लालचे दुसरे टोक मदतीच्या गाडीच्या प्लसवर. काळा चिमटा तिच्या मायनसवर. काळ्याचे शेवटचे टोक तुमच्या गाडीच्या रंग नसलेल्या, घट्ट बसलेल्या धातूच्या भागावर, बॅटरीपासून लांब. मदतीची गाडी थोडा रेस देऊन ५ मिनिटे चालू ठेवा, मग ब्रेक दाबून बटण दाबा. ‘रेडी’ आले की उलट्या क्रमाने केबल काढा. लगेच बंद न करता किमान तासभर चालवा आणि त्याच रात्री चार्जर लावा.

प्लस-मायनस उलटे लागले तर मोठा फ्यूज उडतो, आणि नशीब वाईट असेल तर कन्व्हर्टरही जातो. त्या दुरुस्तीपुढे नव्या बॅटरीची किंमत काहीच नाही. अंधारात, पावसात घाई करू नका. आधी मोबाइलचा उजेड टाकून प्लसची खूण पाहा. नारिंगी रंगाच्या केबलला कधीही हात लावू नका, त्यांत मोठ्या बॅटरीचा दाब असतो.

१७. बॅटरी डिकीत आहे आणि डिकी विजेशिवाय उघडत नाही. आता?

किल्लीच्या रिमोटमध्ये लपलेली धातूची किल्ली काढून चालकाचे दार उघडा. आत बॉनेटची ओढणी हाताने चालते. बॉनेटखाली जंप टर्मिनल असेल तर तिथून १२ व्होल्ट दिले की डिकीचे बटण काम करते. टर्मिनल नसेल तर मागची सीट पाडून आतून डिकीची आपत्कालीन कडी शोधावी लागते. बॅटरी चांगली असतानाच ही कडी एकदा शोधून ठेवा.

१८. मी दुसऱ्याच्या गाडीला जंप देऊ का?

देऊ नका, विशेषतः डिझेल गाडीला. तुमची बॅटरी छोटी आहे आणि तिच्या केबल व फ्यूज स्टार्टरच्या करंटसाठी बनवलेल्या नाहीत. मदत करायचीच असेल तर डिकीत एक जंप पॉवर बँक ठेवा, ती दोघांच्याही कामी येते. उन्हात तापणाऱ्या गाडीत मात्र ती कायमची ठेवू नका.

१९. बॅटरी स्वतः बदलता येईल का?

येईल. १० नंबरचा पाना पुरतो. गाडी बंद करून किल्ली लांब ठेवा आणि काही मिनिटे थांबा. काचा थोड्या खाली ठेवा. आधी मायनस सोडा, मग प्लस, मग पट्टी आणि नळी. बसवताना आधी पट्टी आणि नळी, मग प्लस, शेवटी मायनस. नट घट्ट हवा, पण शिसे मऊ असते, जोर लावून पिळू नका. हाताने हलवून क्लॅम्प फिरत नसेल एवढे पुरे. कोकणपट्टीत आणि मुंबईत टर्मिनलवर पांढरा-हिरवा थर लवकर चढतो. तो गरम पाणी आणि खाण्याच्या सोड्याने धुवा, कोरडे करा आणि जोडणी झाल्यावर वरून पेट्रोलियम जेलीचा पातळ थर द्या.

बदलल्यावर घड्याळ, रेडिओ आणि काचांचे एका झटक्यात वर-खाली होणे पुन्हा बसवावे लागते. काचेसाठी स्विच वर ओढून काच पूर्ण बंद झाल्यावरही काही सेकंद धरून ठेवा. काही चेतावणी दिवे पहिल्या काही किलोमीटरनंतर आपोआप जातात. बॅटरीचा सेन्सर असलेल्या काही गाड्यांत नव्या बॅटरीची नोंद स्कॅनरने करावी लागते, पुस्तिकेत पाहा.

२०. नवी बॅटरी टाकली, तरी चार दिवसांत उतरते. का?

बहुतेक वेळा बाहेरून बसवलेल्या वस्तूंमुळे. हिशेब करून पाहा. गाडी बंद असताना किल्लीचा रिसीव्हर, अलार्म वगैरे मिळून ३० मिलिअँपिअर ओढत असतील तर दिवसाला ०.७ एएच जातात. ४५ एएचची बॅटरी निम्मी व्हायला महिना लागतो. पार्किंग मोडमधला डॅशकॅम ३०० मिलिअँपिअर ओढत असेल तर तेच ७ एएच होतात आणि तीन दिवसांत बॅटरी निम्मी. डॅशकॅमला १२.२ ऐवजी १२.४ व्होल्टला बंद होणारे कट-ऑफ लावा, किंवा पार्किंग मोडच बंद करा.

तपासायचे असेल तर मिलिअँपिअर दाखवणारा क्लॅम्प मीटर मायनस केबलवर लावा, गाडी लॉक करून अर्धा तास थांबा आणि मग आकडा वाचा. ५० मिलिअँपिअरहून खूप जास्त असेल तर एकेक फ्यूज काढून दोषी सर्किट शोधा.

स्मार्ट किल्ली गाडीजवळच टांगलेली असेल तरी गाडी तिच्याशी बोलत राहते. बंगल्यात गाडीशेजारच्या भिंतीवर किल्ल्यांचा खिळा असेल तर जागा बदला. टोयोटाच्या बऱ्याच किल्ल्यांत ‘लॉक’ दाबून धरून ‘अनलॉक’ दोनदा दाबले की किल्ली झोपते, तिचा दिवा चार वेळा लुकलुकतो. दोन आठवडे उभी राहिलेली टोयोटा फक्त चालकाच्या दारानेच उघडत असेल तर तो बिघाड नाही, बॅटरी वाचवण्यासाठी ती मुद्दाम तसे करते.

२१. सुझुकीच्या ‘स्मार्ट हायब्रिड’ला हेच सगळे लागू होते का?

नाही. सियाझ, एर्टिगासारख्या स्मार्ट हायब्रिडमध्ये शिशाच्या मुख्य बॅटरीसोबत १२ व्होल्टचीच छोटी लिथियम-आयन बॅटरी असू शकते. थंड इंजिन नेहमीच्या स्टार्टरने फिरते, म्हणून तिथे सीसीए महत्त्वाचा. सिग्नलला बंद-चालू होत राहणाऱ्या इंजिनासाठी बॅटरीही त्याच प्रकारची हवी. स्वस्त साधी बॅटरी टाकली की आयडल स्टॉप बंद पडतो आणि बॅटरीही वर्ष-दीड वर्षात जाते. सीटखालच्या लिथियम बॅटरीला चार्जर लावू नका.

२२. शिशाऐवजी लिथियमची १२ व्होल्टची बॅटरी टाकू का? वजन कमी, आयुष्य जास्त म्हणतात.

गाडी वॉरंटीत असेल तर नको. लिथियम-आयर्न-फॉस्फेट बॅटरी विश्रांतीत १३.३ व्होल्टच्या आसपास असते, त्यामुळे गाडीचा सेन्सर आणि दुकानातला टेस्टर दोघेही फसतात. ती रिकामी झाली की आतले संरक्षण सर्किट एकदम पुरवठा तोडते, शिशाच्या बॅटरीसारखी मंद होत जात नाही. शून्य अंशाखाली ती चार्ज करू नये, म्हणून कॅनडा-अमेरिकेत राहणाऱ्यांनी दुप्पट विचार करावा. गाडी कारखान्यातूनच तशी बनलेली असेल तर गोष्ट वेगळी (प्रश्न २३).

२३. परदेशात आमच्याकडे किया नीरो आहे. बॅटरी सापडतच नाही!

पहिल्या पिढीच्या नीरो हायब्रिडमध्ये आणि ह्युंदाई आयॉनिक हायब्रिडमध्ये १२ व्होल्टची बॅटरी लिथियमची असून मोठ्या बॅटरीच्या पेटीतच बसवलेली असते. ती फार उतरली की स्वतःला तोडते. चालकाच्या डावीकडे डॅशबोर्डवर ‘१२व्ही बॅट रीसेट’ बटण असते. ते दाबून लगेच ‘रेडी’ करा आणि गाडी अर्धा तास तरी चालू ठेवा. बटण दाबून गाडी तशीच सोडली तर उरलेली ऊर्जाही संपते, आणि मग बाहेरून जंप द्यावा लागतो. या गाड्यांना शिशाच्या बॅटरीचा चार्जर लावू नये.

२४. हायब्रिड बॅटरीला ८ वर्षांची वॉरंटी आहे ना? मग हीही फुकट मिळेल?

टोयोटा आणि मारुती भारतात स्ट्राँग हायब्रिडवर देतात ती ८ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटरची वॉरंटी मोठ्या बॅटरीची आहे. १२ व्होल्टची बॅटरी झिजणाऱ्या भागांत मोडते आणि तिची मुदत बरीच कमी असते. पण मोठ्या बॅटरीची चेतावणी लागून वॉरंटीचा दावा करायला निघाला असाल तर आधी छोटीचे व्होल्ट मोजा (प्रश्न ६). दाब पडल्यामुळे आलेली चेतावणी छोटी बॅटरी भरली की निघून जाते. तसे झाले नाही तर मोजलेला आकडा, वेळ आणि चेतावणीचा फोटो सर्व्हिस सेंटरला दाखवा. त्यांनाही तपास सुरू करायला तिथूनच सोपे जाते.